झेरॉक्ससाठी नेलेलं कार्ड

सरकारी शाळांत सगळ्या मुलांना सारखी संधी मिळावी म्हणून सरकार काय काय करतं, याचा मी अभ्यास करत होते. आमच्या बीडमध्ये दिवाळीनंतर निम्मा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला जातो. त्या मुलांना शिक्षण हमी कार्ड देतात. ते दाखवलं की कारखान्याजवळच्या शाळेनं त्यांना वर्गात बसवून घ्यायचं. मला नावं ठेवायची भारी हौस, पण या योजनेत जागा सापडेना.

चौसाळ्याजवळच्या एका वस्तीवर पाचवीतल्या मुलीनं मला तिचं कार्ड दाखवलं. पत्र्याच्या पेटीत, दोन वह्यांच्या मध्ये जपून ठेवलेलं. आमच्या कार्यालयाला मोबाइलवरचा फोटो चालत नसे, अहवालाला झेरॉक्सच लागे. "उद्या सकाळी परत आणून देते," मी म्हणाले.

मुलीनं आईकडे पाहिलं.

"दे की," आई म्हणाली. "मॅडम हायत त्या, कुटं पळून चालल्यात?"

दुसऱ्या दिवशी दहाला पोचले तर दाराला कुलूप. मुकादमानं ऊसतोडीला न्यायची गाडी एक दिवस आधीच आणली होती. शेजारीण म्हणाली, "पोरगी लई येळ रस्त्याकडं बघत व्हती."

आईचा फोन आठवड्यानं लागला. "शाळेत गेलतो आमी. कार्ड आणा म्हणले. कार्ड तर तुमच्याकडं हाय." फोटो पाठवावा तर तिचा फोन बटणांचा. पोस्टानं पाठवावं तर उसाच्या फडावरच्या कोपीला, पाचटाच्या झोपडीला, पत्ता नाही. मी स्वतः जायला हवं होतं. अहवालाची मुदत जवळ आली होती, म्हणून मी अहवाल लिहीत बसले. कार्ड नसलं तरी मुलाला परत पाठवू नये, अशी शिफारसही त्यात केली. लाज वाटायला हवी होती, तीही धड वाटली नाही. वेळेवर जेवत होते, झोपही लागत होती.

उन्हाळ्यात ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या, तेव्हा वरातीमागून घोडं घेऊन मी वस्तीवर गेले. मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. हंगामभर तिला तेच काम होतं. कार्ड तिनं उलटसुलट पाहिलं आणि पेटीतल्या त्याच दोन वह्यांच्या मध्ये ठेवलं. वह्या कोऱ्या होत्या.

"मॅडम," तिनं विचारलं, "झेरॉक्स नीट आली का?"

"आली," मी म्हणाले.