फरसाणवाल्याच्या समोर

कुठे पापडी तळल्याचा वास आला की अजून ती दुपार आठवते.

शांती नगरमधली दुपार. पप्पांच्या छातीत कळ आलेली आणि ॲम्ब्युलन्स सारख्याच दिसणाऱ्या बिल्डिंगींमध्ये गोल गोल फिरत होती. आई फोनवर ओरडत होती, "भैया, फरसाणवाले के सामने!"

"मॅडम, इधर फरसाणवाला हैच नहीं!"

असणार कसा? दुकान कधीच बंद झालेलं, तिथे मोबाईलवाला बसायचा. आम्ही मात्र पत्ता तोच सांगत होतो!

मी फोन खेचला. "मोबाईल का दुकान... लाल बोर्ड..." आवाज नुसता थरथरत होता.

सायरन गल्लीत वळला. अख्ख्या सोसायटीच्या नकला करायचो मी, म्हणून स्ट्रेचरवरून पप्पांनी विचारलं, "मघाशी फोनवर थरथरत होतास, ती नक्कल कुणाची रे?"

तेव्हा राग आला. परवा विचारलं, तेव्हा मस्करी कशी सुचली, तर पप्पा म्हणाले, "तुझा घाबरलेला चेहरा बघून माझी कळ विसरलो ना मी!"