दुभाजकातलं स्टेशन

मंगळवारी दुपारी वहिनीचा फोन आला. "हे गेले," ती म्हणाली. मी मास्ट्रिख्टहून रॉटरडॅमची गाडी धरली.

दादा, माझा थोरला भाऊ, रेल्वेमार्ग आखणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता. हायवेच्या दुभाजकातून रूळ न्यायचे, हा त्याचा ध्यास. जमीन आधीच घेतलेली, आवाज आधीच सोसलेला. मग नवी शेतं कशाला कापायची? पाहुणे आले की ट्यूलिप दाखवण्याआधी तो त्यांना हायवेच्या मधोमध असलेल्या एका स्टेशनावर नेई. दोन्ही अंगांनी धावत्या मोटारी, मध्ये फलाट. तो चार पावलं दूर जाऊन साध्या आवाजात विचारायचा, "सुमे, ऐकू येतंय का?"

"काय म्हणालास?"

"म्हणजे आवाज अडवणारी भिंत ठेंगणी आहे. माणसाला बोलता आलं पाहिजे इथे, नाहीतर तोही मालच!"

बंदरातून निघणारा एक मार्ग त्याने असाच आखला. मालगाड्या, प्रवासी गाड्या आणि तो राहायचा त्या उपनगरासाठी दुभाजकातच फलाट. वरिष्ठ म्हणाले, आधी माल. फलाटाची जागा राखून ठेवू. दादाने मान्य केलं. जेवताना वहिनी म्हणाली, "दुसऱ्या पंगतीला काय उरतं, ते वाढणाऱ्या बायकांना विचारा."

"अगं, इथे शब्द पाळतात," तो हसला.

मालगाड्या धावू लागल्या. पुढे दादा आजारी पडला. सहकारी फुलं घेऊन यायचे, हवापाण्याचं बोलायचे... एकदा मी त्याला मोटारीने हॉस्पिटलात नेत होते, तेव्हा त्या राखीव जागेवर रोलर फिरताना दिसला. मोटारींसाठी आणखी एक लेन. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. दादाने काच खाली केली. मग म्हणाला, "फलाटाच्या रुंदीसाठी किती भांडलो होतो... बघ, लेन अगदी बरोबर बसली."

त्यानंतर त्याने कामाचा विषय काढला नाही.

अंत्यविधीनंतर कॉफी आणि केक होता. जागा राखण्याचा शब्द देणारे त्याचे साहेब म्हणाले, त्याची दूरदृष्टी आम्हाला वाट दाखवत राहील. माणसं माना डोलावत होती. वहिनीने साहेबांच्या हातात कप दिला आणि डचमध्ये विचारलं, "नव्या लेनने आलात ना? लवकर पोहोचलात?"

"हो, फारच लवकर!" ते मनापासून म्हणाले.

मला त्या माणसाला माफ करता आलेलं नाही. करावंसंही वाटत नाही.

फलाटाच्या जागी आता डांबर आहे. शेजारून मालगाड्या जातात. वहिनीला मोटार चालवता येत नाही. ती बसने जाते.