पडद्याआडची खाट

समोरच्या चाळीत कुणीतरी कठड्यावर हिरवी चादर वाळत घातली आहे. वाऱ्यानं फुगते, पुन्हा कठड्याला चिकटते. साधी चादर, पण सकाळपासून लक्ष तिकडेच, चहा दोनदा निवला. असा हिरवा कपडा मी एकतीस वर्षं हाताळला. परळच्या एका मोठ्या इस्पितळात मी वॉर्डबॉय होतो. शाळा चौथीपर्यंतची, पण माणूस आज जातो की उद्या, हे मला डॉक्टरांच्या आधी कळायचं. पाय गार पडू लागले, नाकाचं टोक सुकलं, की मी कोपऱ्यातला हिरव्या कपड्याचा, चाकांचा पडदा आणून खाटेभोवती लावायचो. चाकं करकरू नयेत म्हणून घरून तेल आणून घालायचो. पडदा लागला की सारा वॉर्ड गप्प व्हायचा, ताटंसुद्धा हळू ठेवली जायची. मरणाऱ्याची अब्रू झाकणारा माणूस मी, असा माझा ताठा. तो काही खोटा नव्हता, हे आजही सांगतो.

मी रिटायर झालो आणि चार वर्षांनी माझा थोरला भाऊ त्याच वॉर्डात आला. भायखळ्याच्या भाजीबाजारात जन्मभर पाट्या वाहिलेला माणूस. सारं आयुष्य गलक्यात गेलं. घरी जेवतानासुद्धा त्याला दार उघडं लागायचं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन नुसती मान हलवली. आता भावानं काय करावं? जवळ बसावं, पाय चेपावेत. मी सरळ कोपऱ्यात गेलो आणि पडदा ओढून आणला. हातांना दुसरं काही येतच नव्हतं.

"पडदो कित्याक लावलंस रे? मी काय मेलंय?" दादा म्हणाला.

"गप पड. हंयची रीत आसा ती."

"तुझी रीत घाल चुलीत. माका माणसा दिसाक व्हयी."

"माका शिकवू नको, दादा. एकतीस वरसां ह्याच केलंय मी."

त्यानं कपड्याकडे तोंड फिरवलं. मीही हट्टाचा, दोन दिवस पडदा हलू दिला नाही. पडद्याच्या आत स्टुलावर बसून राहिलो. तो मधून मधून विचारी, बाजारातलं कुणी आलं काय? मी सांगे, नाही. मला तसंच वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक तरुण सिस्टर आली. मला काही न विचारता तिनं त्यालाच विचारलं, "आजोबा, तुम्हाला काय हवंय?" इतक्या वर्षांत हा प्रश्न मी एकाही खाटेला विचारला नव्हता. त्यानं बाजारातल्या सोबत्यांचं नाव काढलं. ती म्हणाली, "अहो, परवा आले होते की चौघं, दारावरचा शिपाई सांगत होता. दारातून पडदा बघितला, हात जोडले आणि परत गेले. त्यांना वाटलं, तुम्ही गेलात." दादानं माझ्याकडे बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मी टॅक्सी करून भायखळ्याला धावलो. चौघांतले तिघे हातातलं काम टाकून आले. सिस्टरनं पडदा भिंतीला लावून ठेवला होता. एकानं दादाच्या खांद्यावर थाप मारली, "काय रे भाड्या, आम्ही तुझ्या नावानं आंघोळ करून बसलो!" दादाचे ओठ हलले, पण सकाळपर्यंत असलेला आवाज आता निघेना. हसला मात्र. ते तिघे बटाट्याच्या भावावरून भांडत बसले आणि तो डोळे मिटून ऐकत राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाची ताटं वाजत असताना, तो गेला. पडद्याआडच्या त्या दोन दिवसांत बोलणं होतं त्याच्याकडे. ते मी खाल्लं.

हल्ली म्हणे त्या इस्पितळात अशा रोग्यांसाठी वेगळी खोली केली आहे. वेदना कमी करतात, घरच्यांना बसू देतात, आणि आधी रोग्याला विचारतात. ऐकून बरं वाटतं, आणि चैनही पडत नाही. कारण काहींना पडदा हवाच असेल; कुणाला देवाचं नाव घ्यायचं असेल, कुणाला रडायचं असेल. कुणाला हवा होता, कुणाला नको, हे आता कोण सांगणार? दादाचा चेहरा दिसतो. बाकीच्यांचे आठवायला जातो, तर एकही येत नाही. पडदा लावून झाला की मी नेहमी बाहेरच्या बाजूला उभा असायचो.