ताटावरचा हात

"मॅडम, हात काढा."

आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष रोडग्यांचं टोपलं घेऊन माझ्यापुढे वाकले होते. मी ताटावर आडवा हात धरला होता. बार्शीटाकळीजवळच्या त्यांच्या मळ्यात दर हिवाळ्यात सगळ्या शिक्षकांना रोडग्यांचं जेवण असतं. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे, वर तूप, सोबत वरण आणि वांग्याची भाजी.

मी हळूच म्हणाले, "सर, मले गहू चालत नाई. भाकर आणली. बाजूले वेगळी बसून खाईन."

ते पंगतीकडे वळले. "आयका! याइच्या आजीले आमच्या घरी वेगळं बसवत. आता नात सोताच वेगळं मागून राहिली!"

पंगत हसली. हेडमास्तर सगळ्यांत आधी. मग अध्यक्षांनी माझं मनगट धरून बाजूला केलं, रोडगा ताटात कुस्करला, वर तूप ओतलं. "खा. आमच्या हातचं चालत नाई का तुमाले?"

मी खाल्लं.

नोकरी कायम व्हायची होती, आणि सही त्यांची होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पण त्याहून जास्त लागला तो 'वेगळं' हा शब्द. मी बौद्ध घरातली. आजीच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतायचे, तिचा कप गोठ्याच्या वळचणीला खोचलेला असायचा, हे ऐकत मी वाढले. आणि तोच शब्द मी माझ्या तोंडानं मागितला होता. लाज वाटली. त्या लाजेसोबत घास गिळला.

त्याच्या काही महिने आधी माझं मनगट मोडलं होतं. पडले नाही, आपटले नाही. भरलेली बादली उचलली आणि कट्‌ असा आवाज आला. अकोल्याच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, या वयात असं हाड मोडत नाही. मग रक्त तपासलं, आतड्याचा तुकडा तपासला. सिलिअ‍ॅक निघाला. गव्हातलं ग्लुटेन पोटात गेलं की माझं शरीर माझ्याच आतड्यावर उठतं. आतडं आतून झिजतं, आणि लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व काही अंगी लागत नाही. वर्षानुवर्षं मी रक्तवाढीच्या गोळ्या खात होते, त्या वाया जात होत्या. हाडांच्या तपासणीत कळलं, हाडं म्हातारीसारखी विरळ झाली आहेत.

तेव्हापासून मी भीत जगते. जिना उतरताना कठडा सोडत नाही. शिंक आली तरी बरगडी धरते. वर्गात पोरं धावत आली की भिंतीला चिकटून उभी राहते. 'मोडेन पण वाकणार नाही' असं लोक सहज बोलून जातात. मला ते बोलायची भीती वाटते, कारण मी खरंच मोडते. गिरणीत गव्हामागून दळलेली ज्वारीही चालत नाही, तिच्यात गव्हाचं पीठ मिसळतं, म्हणून आई घरच्या जात्यावर दळते.

आणि एवढं करून मी शाळेत खात होते. कुणाच्या वाढदिवसाचा केक, कधी समोसा. नाही म्हणायला तोंड उघडलं की ती पंगत कानात हसायची. दर वेळी पोट बिघडायचं. पुन्हा तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं.

"गहू खाऊन राहिली न तू?"

मी मान खाली घातली.

"आतडं भरून नाई आलं तं गोळ्या लागू नाई होत. आज मनगट मोडलं, उद्या मणका बसंल. मंग तुले उठवाले दोन माणसं लागतील."

घरी आई ज्वारी निवडत होती. तिला सगळं सांगितलं. पंगतीचंही. तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "तुह्या आजीले कोनी इचारलं होतं काय?"

नव्हतं विचारलं. तिला बसवलं होतं. मी माझ्या जिवासाठी स्वतः बसणार होते. एवढी साधी गोष्ट, आणि ती न कळून मी माझी हाडं त्यांच्या हसण्यावर ओवाळून टाकत होते.

या हिवाळ्यात पुन्हा मळा. मी बाजूला बसले नाही. पंगतीच्या मधोमध बसले. घरचं ताट, घरची भाकर, वर आडवा हात.

"मॅडम, हात काढा."

"नाई काढत."

ते हसले आणि गरम रोडगा माझ्या हातावरच ठेवला. तेच मनगट. हाडाची भीती, नोकरीची भीती. दुसऱ्या हातानं मी रोडगा उचलला आणि त्यांच्या टोपल्यात परत ठेवला.

"सही तुमच्या हातात हाये, सर. हाडं माही हायेत."

या वेळी कुणी हसलं नाही. मी भाकर खाल्ली. सगळी खाल्ली.

कायम झाल्याचा कागद अजून आलेला नाही. बहुतेक येणार नाही. भीती होती तेवढीच आहे. जिना अजून कठडा धरूनच उतरते. पण माझ्या ताटात काय पडेल ते मी ठरवणार. त्यावरचा हात उद्या मोडेलही. निघणार नाही.