शुक्रवारबाईचा बॅकअप

रुग्णालयातले सगळे संगणक आणि फोन ज्या एका यंत्राला जोडलेले होते, ते जिन्याखालच्या लोखंडी कपाटात होतं. त्याला स्विच म्हणत. त्याची देखभाल करणारी बाई दर शुक्रवारी लॅपटॉप काखोटीला मारून तिथे शिरायची, यंत्राच्या जोडणीची फाइल उतरवून घ्यायची आणि वहीत सही ठोकायची. म्हणून ती शुक्रवारबाई. सहा वर्षांत तिनं एक शुक्रवार चुकवला नव्हता आणि खोटं कशाला बोलायचं, तिला त्याचा थोडा तोराही होता. फाइलचा आकार दर वेळी तेवढाच भरायचा. तो तसाच दिसला की तिला बरं वाटायचं.

नोकरी दाजींनी लावून दिलेली. तिच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान तिथेच इलेक्ट्रिशियन; हिच्यासाठी त्यांनी साहेबांकडे शब्द टाकला होता. मंगळवारी सकाळी त्यांचा फोन आला.

"अगं, पॅनेल बदलायचंय. वीज गेली की तुझ्या स्विचला चालवणारी बॅटरीही काढावी लागेल, म्हणजे तुझा डबा अर्धा तास बंद. चालेल ना?"

"खुशाल करा दाजी. बॅकअप आहे माझ्याकडे."

वीज आली, यंत्र सुरू झालं आणि थेट सहा वर्षं मागे गेलं. नंतर जोडलेले विभाग त्याच्या गावीही नव्हते. ऑपरेशन विभागाचे फोन मुके, तपासण्यांचे अहवाल अडकलेले. बाईनं घाईघाईनं बॅकअप चढवला. ढिम्म फरक नाही. मागच्या महिन्याचा चढवला, तोही तसाच. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. केलेला बदल यंत्रात लगेच लागू होतो, पण सेव्ह केला नाही तर वीज जाताच पुसला जातो. तिनं सहा वर्षं बदल केले होते आणि सेव्ह एकदाही केलं नव्हतं. दर शुक्रवारी ती उतरवत होती ती यंत्रात सेव्ह असलेली, पहिल्या दिवशीची जुनीच फाइल. सगळं हातानं पुन्हा बसवेपर्यंत संध्याकाळ झाली. पाच ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दोघांना समोर उभं केलं. वहीतल्या सह्या चोख होत्या.

"वीज घालवण्याआधी बाईंना कळवलं होतं?"

तिनं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात दाजी बोलून मोकळे झाले. "नाही साहेब. राहून गेलं."

हिनं परवानगी दिली हे कळलं तर हिची नोकरी जाईल, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. फाइलचा घोळ त्यांना ठाऊकही नव्हता. आता तरी तिनं बोलायला हवं होतं. ती बोलली नाही. महिनाअखेरीपासून येऊ नका, असं साहेबांनी दाजींना सांगितलं.

रविवारी बहिणीनं तिला जेवायला बोलावलं. वाढता वाढता बहिणीचा तोंडाचा पट्टा सुरूच होता.

"एकवीस वर्षांची नोकरी घालवलीत! एक फोन करायला काय हात झिजले असते?"

दाजी खाली मान घालून जेवत होते.

"तू तरी सांग गं यांना काही."

शुक्रवारबाईनं घास गिळला. ताटावरची नजर न उचलता ती म्हणाली, "एक फोन करायला हवा होता, दाजी."

"हो गं," दाजी म्हणाले, "चुकलंच माझं."