छोट्या लाईनचे गार्डसाहेब

कोणत्याही वाहनात बसले की गार्डसाहेब आधी मान बाहेर काढून मागे बघायचे. ऑटो असो, वऱ्हाडाची बस असो, की माझी स्कूटर. "मागं पाहून घ्या. कोणी येऊन राहिलं असन," म्हणायचे. माझ्या स्कूटरवर तिसरा माणूस कुठे बसवायचा होता, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

रायपूरहून धमतरीला जाणाऱ्या नॅरोगेजच्या छोट्या लाईनवर त्यांची सगळी नोकरी गेली. तुम्ही त्या गाडीत बसला असाल तर तिच्या वेगाबद्दल मी बोलायला नको, आणि बसला नसाल तर तुमचा विश्वास बसायचा नाही. शेवटच्या डब्यात गार्डसाहेब हिरवी झेंडी गुंडाळून उभे असत. फलाटावरचा शेवटचा माणूस चढल्याशिवाय ती उलगडत नसत. अभनपूरची एक भाजीवाली म्हातारी, तिकडच्या बोलीत दाई, तर रोज शेवटचीच. संध्याकाळी रिकामी टोपली डोक्यावर घेऊन ती लांबूनच ओरडायची, "थोकिन रुक जा, साहेब!"

"हव, ये दाई," म्हणून साहेब शेंगदाणे सोलायला मोकळे.

गाडीला उशीर का झाला, म्हणून वरून कागद यायचा. हे खाली एकच ओळ लिहायचे, 'सवारी आ रही थी.' वरच्यांना त्यात खोडून काढण्यासारखं काही सापडत नसे.

मग लाईन बंद करायचं ठरलं. शेवटच्या दिवशी झेंडूच्या माळा, बँड, भाषणं. जन्मात त्या गाडीत पाय न ठेवलेली माणसं डोळे पुसायला आली होती. मीही होतो. एक साहेब म्हणाले, "आज तो टाइम पे छोड़िए, गार्डसाहब. फोटो में घड़ी आएगी." गार्डसाहेबांच्या गळ्यात कानापर्यंत हार होते, मान वळेना. त्यांनी हिरवी झेंडी दाखवली. ती गाडी माझ्या आठवणीत एकदाच वेळेवर सुटली, ती त्या दिवशी.

गाडी फलाट सोडत असताना त्यांना दाई दिसली. टोपली सावरत धावत होती. बँडमध्ये हाक ऐकू आली नाही. लाल झेंडी धरायच्या हातात कुणीतरी गुच्छ दिला होता.

पुढे रूळ उखडले, त्या जागी झकास रस्ता झाला. त्यावरून मी नव्या रायपूरच्या ऑफिसात पंधरा मिनिटं आधी पोचतो आणि आमचे साहेब येईपर्यंत दोन तास बसतो. प्रगती नाही म्हणायची सोय नाही. गार्डसाहेब मात्र रिटायर होऊन शहरातले भाजीबाजार पालथे घालत होते. दाईचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. "अभनपूरची, टोपलीवाली" एवढ्यावर कोण सापडणार?

मी एकदा चिडून म्हणालो, "गार्डसाहेब, गेली असेल बसनं घरी. किती दिवस तेच उगाळता?"

"तसं नाही भैया," ते म्हणाले. "मी रोज सांगो तिले, आरामात ये, मी आहो न. म्हणून तर ते आरामात आली."

 

यंदा गार्डसाहेब गेले. सकाळी शववाहिनी दारात उभी होती. तिचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, "चलिए, चलिए, लेट हो रहा है." आम्ही खांदा दिला, त्यांना आत ठेवलं. दार लागणार तोच त्यांची नात पुढे आली. आजोबांच्या मराठीला जन्मभर हिंदीत उत्तर देणारी पोट्टी. तिनं दाराला हात लावला आणि म्हणाली, "मागं पाहून घ्या. कोणी येऊन राहिलं असन."

आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं. गल्ली रिकामी होती. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, आणि आम्ही थांबलो.