बर्फावरचा आचारी

माझा थोरला भाऊ केरू पंचवटीत एका खानावळीत आचारी होता. चांगलं चाललेलं सोडून पठ्ठ्या कुठं गेला, तर अंटार्क्टिकाला, संशोधन केंद्रात स्वयंपाक करायला. एक वर्षासाठी. मी म्हटलं, डोकं फिरलंय तुझं. आईनं मात्र काळा मसाला कुटून बांधून दिला.

दर रविवारी दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. केंद्र उघड्या खडकावर, पण पलीकडं किलोमीटरभर जाड बर्फ. वारा असा, की दोर धरून कोठीपर्यंत जायचं. पेंग्विन बघायचे तर शंभर किलोमीटरवर, समुद्राच्या कडेला. मार्चात शेवटचं जहाज गेलं, आता नोव्हेंबरपर्यंत सुटका नाही, हेही तो हसत सांगायचा.

एप्रिलात आई गेली. थोरला नाही म्हणून डोकं मी भादरलं. घरात ठरलं, केरूला कळवायचं नाही. अडकलेला माणूस ऐकून करणार काय? मग आई कधी वणीला गेलेली, कधी देवळ्याला मावशीकडं. खोटं बोलून बोलून मी पार थकलो.

त्यात माझी अक्कल बघा. टक्कल झाकायला मी कानटोपी घालून फोनसमोर बसायचो. मे महिना, चाळीस डिग्री, कपाळावरून घामाच्या धारा. आणि तो तिथं बर्फात, चुलीपुढं नुसत्या बनियनवर. तीन रविवार असेच गेले. चौथ्या रविवारी म्हणाला, "दत्तू, टोपी काढ."

काढली. मला रडू आवरेना. त्याच्याकडं आता दोन महिने सूर्य उगवणार नव्हता. दमलेल्या आवाजात तो म्हणाला, भाताचा पिंड मी इथंही करीन, पण ठेवू कुणापुढं? स्कुआ म्हणून एक चोरटा पक्षी असतो, तोही उन्हाळा संपताच गेला. आणि असता तरी पाखराला दाणा टाकायला बंदी आहे.

मग त्यानं विचारलं, "आईच्या पिंडाला कावळा शिवला का रे?"

दहाव्याला आम्ही गोदावरीवर तीन तास उन्हात बसलो होतो. झाडावर कावळेच कावळे, पण एक खाली उतरेना. सगळे म्हणाले, म्हातारीचा जीव केरूत अडकलाय. मी हात जोडून म्हटलं, आई, तो सुखरूप येईल. तरी नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

केरूला अजून सहा महिने तिथं काढायचे होते, रोज पंचवीस माणसांना रांधून घालत.

"शिवला," मी म्हणालो. "पान ठेवलं आणि लगेच."